मैदान बदलून सामने जिंकता येत नाहीत

आमच्या शाळेच्या ग्रुपवर नोव्हेंबर 2023पासून एकच रडगाणं चालू आहे: वर्ल्ड कपची फायनल अहमदाबादऐवजी वानखेडेवर असती, तर आपण जिंकलो असतो. आता त्याला भिवंडीजवळच्या आमणेच्या प्रस्तावित, लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियमची जोड मिळाली आहे. "होऊ दे एकदा, मग बघू मुंबईत कोण हरवतं!" वाचून डोकं फिरतं.

वानखेडेवरची पहिलीच कसोटी, जानेवारी 1975, आपण हरलो होतो. वेस्ट इंडिजचा क्लाइव्ह लॉइड नाबाद 242. 1987ची वर्ल्ड कप सेमीफायनल इंग्लंडच्या गूचने तिथेच स्वीप मारमारून नेली. 2016ची टी-ट्वेंटी सेमीफायनलही तिथेच गेली. लक्षात राहिला तो फक्त 2011चा धोनीचा षटकार.

मी अमेरिकेत मिलवॉकीत राहते, त्यामुळे पॅकर्स आलेच, म्हणजे आमच्याच राज्यातल्या ग्रीन बे गावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ; त्यांचं घरचं मैदान लॅम्बो. 2003च्या जानेवारीपर्यंत पॅकर्स घरच्या मैदानावर प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, एकही सामना हरले नव्हते. मग अटलांटाच्या फाल्कन्सनी येऊन हरवलं. 2011 आणि 2021च्या हंगामांत लॅम्बोवर आठपैकी आठ जिंकले आणि दोन्ही वेळा प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात तिथेच गारद झाले. तरी मैदानाला पांढऱ्या पायाचं कुणी म्हटलं नाही. 1957पासून तेच मैदान, तेच बाक. बर्फ पडला की गावातले लोक फावडी घेऊन रांगेत उभे राहतात. आमच्या मिलवॉकीतही 1994पर्यंत काही सामने व्हायचे, ते बेसबॉलच्या मैदानावर, दोन्ही संघ एकाच बाजूला उभे करून. ते सामने बंद झाले, पण इथल्या जुन्या सीझन-तिकीटवाल्यांना लॅम्बोवरचे ठरावीक सामने राखून ठेवले. असं वागावं लागतं लोकांशी.

लाखभर वस्तीच्या ग्रीन बेमध्ये 81 हजारांचं स्टेडियम चालतं, कारण ते लोकांचं आहे. 2000 साली नूतनीकरणासाठी अर्धा टक्का विक्रीकर लावायचा की नाही, हे काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, मतदानाने ठरवलं. 2015मध्ये तो कर बंदही झाला. संघाचे भागधारक पाच लाखांवर आहेत. आणि आपल्याकडे? 2011च्या फायनलची सर्वसामान्यांसाठी विक्रीला काढलेली तिकिटं होती चार हजार, 33 हजारांच्या वानखेडेत. मुळात ते स्टेडियम उभं राहिलं तेच जवळच्या जुन्या ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या जागावाटपाच्या भांडणातून.

बाबांनाही पास मिळायचा तो एका क्लबातल्या ओळखीनेच. चर्चगेटला उतरून आम्ही चालत जायचो, पिशवीत थालीपीठ आणि पाण्याची बाटली. बाबा बाकावर रुमाल अंथरून मला बसवायचे आणि स्वतः बराच वेळ उभे राहायचे. माझ्यासाठी वानखेडे म्हणजे एवढंच, आणि ते लॅम्बोवर कितीही वेळा गेले तरी मिळत नाही.

"तिकडे बसून शिकवू नकोस," असं ग्रुपवर मला सुनावतात. लागतं ते. पॅकर्सचा एक शेअर मी 250 डॉलरला घेतला आहे. लाभांश शून्य, पण संचालक निवडताना माझं मत मोजलं जातं. सामन्याच्या दिवशी जीव टांगणीला लागतो तो मात्र भारताच्या, आणि ज्या मैदानावर मी क्रिकेट बघायला शिकले तिथे मला कुणी विचारत नाही. माझ्या वर्गमित्रांनाही नाही, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, याचा मला जास्त राग येतो.

आमणेला खुशाल बांधा. पण लाखातल्या किती खुर्च्या तिकीटखिडकीवर विकणार, ते पायाभरणीच्या आधी लेखी मागा.