संभाजीनगर-नांदेड विमान सुरू करा, अशी मागणी होते. पण संभाजीनगर ते नांदेड विमानाने किती मिनिटं?

व्हॉट्सॲपवर फिरणारं उत्तर सोळा मिनिटं. २१५ किलोमीटर भागिले ताशी ८००, संपला विषय. अंतर बरोबर आहे, मिनिटं साफ चूक.

अंतर कागदावर काढता येतं. संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व, नांदेड १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, पण रेखांशाचा अंश आपल्याकडे जेमतेम १०५ चा. बरेच जण इथेच फसतात आणि दोन्हीकडे १११ धरून २२६ काढतात. वैमानिकाच्या कागदावर हेच २१५ किलोमीटर ११६ दिसतं, कारण ते सागरी मैल, एक मैल १.८५२ किलोमीटरचा.

आता वेळ. एवढ्या मार्गावर येणार एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं विमान. पूर्ण वेग ताशी ५०० च्या आसपास, आणि तोही वर पोचल्यावर. १७ हजार फुटांवर जायला साधारण १५ मिनिटं आणि ९० किलोमीटर लागतात, म्हणजे चढ संपेपर्यंत खाली परतूर आलेलं असतं. उतरणीचा ठोकताळा हजार फुटांना तीन सागरी मैल. नांदेडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,२५० फुटांवर, तेव्हा ८७ किलोमीटर आधीच नाक खाली करायला हवं. सेलू मागे पडतंय तोच उतरण सुरू! सरळ, पूर्ण वेगाने उडणं फक्त परतूर ते सेलू, चार-पाच मिनिटं. इथे ८०० वेगाचं जेट आणलं तरी तो वेग वापरायला जागाच नाही.

पावसाळ्यात आणखी गंमत. वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. वाटतं वेळ वाचेल. पण विमान उठतं आणि उतरतं वाऱ्याला सामोरं. चिकलठाण्याहून आधी पश्चिमेला सिडकोच्या दिशेने उठायचं, मग जालन्याकडे वळायचं. नांदेडला धावपट्टी ओलांडून पूर्वेला मुदखेडच्या बाजूने वळसा घेऊन परत यायचं. वाऱ्याने दिलेलं या दोन वळणांत जातं.

दोन्हीकडचं जमिनीवरचं रांगणं धरून पन्नास मिनिटं होतात. त्यात घर ते चिकलठाणा अर्धा तास, चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतं म्हणून सव्वा तास, बॅग आणि नांदेडात शिरणं पाऊण तास. बेरीज सव्वातीन तासांच्या वर. रेल्वेने २३५ किलोमीटरला साधी एक्सप्रेस चार-साडेचार तास घेते, तीही बरीचशी एकेरी रुळावर क्रॉसिंगला थांबत.

म्हणून या विमानाची मागणी मला पटत नाही. संभाजीनगर-परभणी १७७ किलोमीटर रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिलीय. निवेदनं द्यायचीच तर त्याच्या कामाच्या वेगासाठी द्या. नांदेडला विमान हवंच, पण लांबच्या गावांसाठी. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, नांदेड-हैदराबाद सुरू झालं होतं ते उगाच नाही.

तरीही कुणाला हट्टाने विमानानेच जायचं असेल तर हैदराबादमार्गे जावं. वेळापत्रकं जुळली तर २१५ किलोमीटरसाठी जवळपास ६८० किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम होतो.