एका तासात इंजिनियर होत नाही, बरोबर आहे, पण होतो असं म्हटलंय कोणी?

गेले आठ दिवस नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीतल्या सोसायटी ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, आमच्याकडे तर तीनदा येऊन गेला. "मुलांना कोडिंगच्या नादी लावू नका." मुद्दे असे, की फुकट कोडिंग शिकवणाऱ्या संस्था कंपन्यांनी स्वस्तातले कामगार घडवायला काढल्यात, एका तासात काही येत नाही, इंग्रजी आणि गणित पक्कं नसेल तर वेळ वाया, डोळे जातात, आणि आता एआयच कोड लिहितं तर शिकायचं कशाला. खाली "जनहितार्थ". मेसेजमधे नाव कोड डॉट ऑर्ग या अशाच एका फुकट शिकवणाऱ्या संस्थेचं आहे, आणि मी दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमधे त्यांचंच साहित्य घेऊन दहाबारा पोरांबरोबर बसते, त्यामुळे उत्तर देणं आलंच.

कंपन्यांचा पैसा. हो, आहे. ही संस्था २०१३ मधे हादी आणि अली पार्तोवी या जुळ्या भावांनी अमेरिकेत काढली, मायक्रोसॉफ्ट, गूगल, ॲमेझॉन देणगीदार आहेत आणि ते कोणी लपवलेलं नाही. उलट मेसेजवाल्यांच्या हातून चांगला मुद्दा सुटला तो मीच देते: सुरुवातीच्या प्रचारात हे लोक सांगायचे की २०२० पर्यंत अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकऱ्या शिकलेल्या मुलांपेक्षा १० लाखांनी जास्त असतील. नोकरीचं गाजर दाखवायला नको होतं असं माझं मत आहे, कारण नंतर नोकरकपातीची बातमी आली की सगळं फोल वाटायला लागतं. पण आपल्याकडे लॉकडाऊनमधे सहा वर्षांच्या पोराला ॲप बनवायला लावणाऱ्या हजारोंच्या फीवाल्या क्लासच्या जाहिराती आल्या होत्या ना, त्या आणि हे एका माळेत ओवू नका. इथे फी नाही, लॉगिन न करताही सुरुवात करता येते, आवडलं नाही तर उठून खाली क्रिकेट खेळा.

एका तासाचं म्हणाल तर या संस्थेच्या उपक्रमाचं नावच 'अवर ऑफ कोड' होतं, डिसेंबर २०१३ ला सुरू झाला. २०१४ मधे ओबामा व्हाइट हाउसमधे शाळेतल्या मुलांशेजारी बसून जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एक ओळ लिहून गेले, ते काही नंतर महापेच्या आयटी कंपनीत नोकरीला लागले नाहीत. तळ्यात पाय घालून बघायचं, पाणी गार आहे का, एवढंच. पण त्या तासात होतं काय ते सांगते. मागच्या महिन्यात सहावीतली एक मुलगी पहिल्यांदा आली. खेळ असा की अँग्री बर्ड्सचं पाखरू डुकरापर्यंत न्यायचं, "पुढे जा", "उजवीकडे वळ" असे ठोकळे एकाखाली एक जोडायचे आणि रन दाबायचं. हिचं पाखरू दर वेळी भिंतीवर. तोंड एवढंसं झालं. मग उठली, हॉलच्या लाद्यांवर पाखरू म्हणून स्वतःच उभी राहिली, दोन लाद्या पुढे गेली, थांबली, आणि मला विचारते, "ताई, उजवी म्हणजे माझी की पाखराची?" मी गप्प बसले (अवघड असतं हो, जीभ वळवळते). तिने लादीवर वळून बघितलं, परत येऊन एकच ठोकळा बदलला आणि पाखरू पोचलं. १९६७ मधे मुलांसाठी लोगो नावाची प्रोग्रामिंगची भाषा निघाली, तिच्यात हुकूम देऊन फिरवायचं कासव पुढे अशाच युक्तीने चालवायला शिकवायचे, स्वतः कासव व्हायचं. ह्या पोरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, अर्धा दिवस हेच करते, आपण मनात काय धरलंय आणि मशीनला प्रत्यक्षात काय सांगितलंय.

इंग्रजीचं काय घेऊन बसलात. स्क्रॅच ज्युनिअर या छोट्यांच्या कोडिंग ॲपमधल्या ठोकळ्यांवर अक्षरच नसतं, नुसते बाण आणि चित्रं. मोठी मुलं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला येतात तेव्हा त्यातले राखीव, म्हणजे ठरावीक अर्थाचे, शब्द ३५ च्या आसपास, निबंध नाही लिहायचा. आणि वरची मुलगी मराठी माध्यमातली आहे.

डोळ्यांचं मान्य, म्हणून अर्धे शनिवार आम्ही लॅपटॉप उघडतच नाही. जुन्या लग्नपत्रिकांची पाच कार्डं कापलीत, त्यांवर १, २, ४, ८, १६ टिंबं, कार्ड उघडं किंवा पालथं, उघड्या कार्डांवरची टिंबं मिळून आकडा. पाच कार्डांत ० ते ३१ सगळे आकडे बसतात, म्हणजे कोणाच्याही वाढदिवसाची तारीख. १९ म्हणजे १६, २ आणि १ उघडे. कॉम्प्युटर आकडे असेच ठेवतो हे मी तारखा लावून झाल्यावर सांगते, आधी सांगितलं तर जांभया येतात. गणित पक्कं हवं म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा बघून जावी.

राहिलं एआय. गणपतीच्या वर्गणीसाठी आमच्याकडच्या नववीतल्या एकाने एआयकडून प्रोग्राम लिहून घेतला, खर्च २०,००० रुपये, घरं ४८, प्रत्येकी किती. उत्तर आलं ४१६, सगळे खूश, मेसेज तयार. तोच म्हणाला थांबा, आणि ४१६ गुणिले ४८ करून बघितलं, १९,९६८. प्रोग्रामने रुपयांवरचे सुटे पैसे सोडून खालचा पूर्ण आकडा धरला होता आणि ३२ रुपये कमी पडत होते. तिथे बसलेल्या बाकी कोणालाच शंका आली नव्हती, खजिनदार काका दरवर्षीसारखे स्वतःच्या खिशातून भरून मोकळे झाले असते. एआयने सांगितल्यासारखंच केलं, सांगणाऱ्याने वरच्या सुट्या पैशांचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं. हे त्याला कळलं कारण दोन वर्षं तो पाखरं भिंतीवर आपटत होता.

आता मेसेज पुढे पाठवायचा असेल तर पाठवा. आमच्याकडे आठ लॅपटॉप आहेत, दोन पोरांत एक, एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने नुसतं सांगायचं (यावरून भांडणं होतात ती वेगळी). त्यातल्या एकाचा चार्जर गेलाय, बारीक गोल पिनचा, कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर शनिवारी पाचच्या आत हॉलवर आणून द्या.