मालकाचे उत्तर: "काही न विचारता सायकल गळ्यात मारली"

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री दुकान बंद करताना वाचला. घडीच्या सायकलीचा लॉक, म्हणजे हँडलची दांडी उभी घट्ट धरणारा खटका, आवळायला आलात तेव्हा पाऊण तास बाकड्यावर ताटकळावं लागलं, कुणी चहासुद्धा विचारला नाही. ही चूक आमची, माफ करा. दुकानातला एक मुलगा रजेवर होता, पण त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय.

एकच तारा दिलात तेही सोसलं असतं. "काही न विचारता महागातली सायकल गळ्यात मारली" हे मात्र सोसवत नाही. आमचे वडील कोल्हापुरात शाहूपुरीत तासावर सायकली भाड्याने द्यायचे. तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी चार गोष्टी विचारायच्या आणि मगच सायकल खाली काढायची, ही इथली पद्धत आहे.

त्या रविवारी तुम्ही म्हणालात, रोज जयसिंगपूरहून सकाळच्या पॅसेंजरने येतो, स्टेशनवरून रंकाळ्याला ऑफिस गाठायला घडीची सायकल पाहिजे. मी पहिलंच विचारलं, दिवसात घडी किती वेळा घालणार आणि उचलून किती पायऱ्या चढणार? तुम्ही सांगितलंत, चार वेळा, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून १६ इंची चाकाची, बिनगिअरची काढली. ताणकाट्याला अडकवून दाखवली, साडेदहा किलो भरली. घडी घालून तुमच्याच हातात दिली आणि दुकानाच्या तीन पायऱ्या चढायला लावल्या. आठवत असेल.

तेव्हा सोबतचे पाहुणे हसले. "ही पोरांची दिसतीय, गिअरची बघूया." त्यांना मधे ओढायचं नव्हतं, पण तुम्ही लिहिलंयच तसं, म्हणून सांगावं लागतं. मग २० इंची, सात गिअरची काढली. ती तेरा किलो. मोठं चाक खड्ड्यात कमी आदळतं, हँडल कमी डुगडुगतं, तुमच्या उंचीला बसायलाही ती बरी, हे मी कबूल केलं. पण घडी मोठी होते, पॅसेंजरच्या गर्दीत पायात येते आणि अडीच किलोचा फरक जिन्यात रोज कळतो, हेही तिथंच बोललो. चार हजारांनी स्वस्त सायकल मी पुढं करत होतो. महागडी तुम्ही निवडलीत. आणि आता लिहिता, "उचलवत नाही, दुकानदाराने सांगितलं नाही."

आणि ते तुमचं पन्हाळ्याला सायकल नेल्यावर लॉक ढिला झाल्याचं! पन्हाळ्याचं नाव त्या दिवशी कुणी काढलंच नव्हतं. काढलं असतं तर घडीची सायकल दाखवलीच नसती. वीसेक किलोमीटर जायचं, त्यात वाघबीळचा चढ. उभं राहून पॅडल मारलं की माणूस हँडल ओढतो, घडीच्या सायकलीत हँडलची दांडी लांब असते, ती लवते, आणि सगळा ताण लॉकवर येतो. नवा लॉक वापरात थोडा बसतो, मग ढिला लागतो. म्हणून तर पहिल्या महिन्याची सर्व्हिस फुकट ठेवलीय. तुम्ही आलात चौथ्या महिन्यात. सीटच्या दांडीवरची, याच्यावर ओढू नका सांगणारी खूणसुद्धा नळीच्या बाहेर दोन बोटं वर दिसत होती. दांडी तेवढी वर ओढली की वाकते, नाहीतर नळी तडकते. मुलाने ती खाली घेतली, ते तुमच्या लिहिण्यात कुठं आलं नाही.

असो. यापुढे बोलणं झालं की वजन, घडीचं माप वगैरे बिलामागे लिहून द्यायचं ठरवलंय, बसायच्या जागेचंही काहीतरी बघतो. तुम्हाला १६ इंची बदलून हवी असेल तर या, वापरलेल्या सायकलीचं योग्य ते बघून घेऊ. लॉकची कडी दाबताना पुन्हा सैल लागली, तर चालवत आणू नका, रिक्षात घालून आणा. शक्यतो दुपारी चारनंतर या, तेव्हा मी स्वतः असतो. आणि त्या दिवशी घरी आवळायला म्हणून दिलेली आमची ॲलन की (षटकोनी पाना) तुमच्याकडेच राहिलीय, ती येताना आणा.