सत्तर कोटीवाला एखादाच असतो हो

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर ओहतानीचा, त्या जपानी बेसबॉल खेळाडूचा फोटो. खाली मामेसासऱ्यांची कमेंट, "नुसता बॉल फेकायचे ७० कोटी डॉलर! आपली पोरं उगाच इंजिनियर झाली." त्यावर हसऱ्या स्मायलींचा पाऊस. तिथे बोलता येत नाही, मोठे आहेत, म्हणून इथे ओकतेय.

आकडा खरा आहे. २०२३ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमने १० वर्षांचा करार केला, त्यातले ६८ कोटी तर त्याला २०३४ पासून मिळणारेत. पिचिंगही (म्हणजे बॉल फेकणं) करतो, बॅटिंगही करतो, मिळू देत की, माझं काय जातंय. पण बेसबॉल म्हटलं की मला आठवतो तो आमच्या शेजारच्या आजींच्या बेसमेंटमध्ये राहणारा, कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकचा पोरगा.

२०१९ चा उन्हाळा, आम्ही तेव्हा अमेरिकेतल्या आयोवात. गावात सिंगल-ए टीम, म्हणजे मेजर लीग, सगळ्यात वरची, अजून चार पायऱ्या वर. पोरं मोठ्या क्लबची, पण त्यांना घरात ठेवून घ्यायचं गावातल्या लोकांनी, हौसेने. हा पिचर. इंग्लिश यथातथाच. घरी पैसे पाठवायचे असले की माझ्याकडे यायचा कारण आजींना ऑनलाइन काही जमायचं नाही, त्यामुळे त्याची पे स्लिप मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. आठवड्याचे २९० डॉलर. टॅक्स कापायच्या आधी! त्यातूनच क्लबहाऊसवाल्याला कपडे धुण्याचे न् खाण्याचे द्यायचे. तेही फक्त सीझन चालू असेपर्यंत, मार्चमधल्या ट्रेनिंगचा पगार शून्य.

२९० च का? ४० तास गुणिले ७.२५, तिथलं किमान वेतन. २०१८ मध्ये बजेटच्या दोन हजारांवर पानांच्या बिलात गुपचूप एक कलम घुसवलं, की मायनर लीगवाल्यांना, म्हणजे या खालच्या पायऱ्यांवरच्या पोरांना, ४० तासांच्या वर काही द्यायची गरज नाही, मग ते साठ तास राबोत नाहीतर सत्तर. आणि कायद्याला नाव काय दिलं, तर "सेव्ह अमेरिकाज पास्टाइम अॅक्ट". वाचवताय कोणाला रे, मालकांना?

हो, आता सुधारलंय, माहितीये मला. २०२२ पासून क्लब राहायला जागा देतात, २०२३ मध्ये युनियनने करार करून सिंगल-ए चा पगार वर्षाला २६,२०० डॉलरवर नेला. खेळाडूंनी मेजर लीगला कोर्टात खेचल्यावर १८.५ कोटी डॉलरची तडजोडही झाली. छान झालं. पण वर मेजर लीगमध्ये २०२५ मध्ये कमीत कमी पगार वर्षाला ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे बघा.

त्या पोराने एकदा हात दाखवला होता मला. कोपराच्या आतल्या बाजूला लांब व्रण आणि मनगटाशी एक छोटा. टॉमी जॉन सर्जरी, मनगटाकडचा टेंडन (स्नायूबंध) काढून कोपरात बसवतात, मग वर्षभर तरी मॅच नाही. किती सहज सांगत होता, जसं काही दाढ काढलीय. मॅचनंतर कोपराला बर्फ बांधून पायरीवर बसायचा आणि आईशी व्हिडिओ कॉल. आई दर वेळी हेच विचारायची म्हणे, वर कधी जाणार. कारण मेजर लीगमध्ये ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागतो. ४३ दिवस!

त्याचा एकही भरला नाही. २०२० च्या मेमध्ये कोविडच्या नावाखाली क्लबांनी शेकडो पोरांना नारळ दिला, त्यात हाही. फोनवर सांगितलं, दोन मिनिटांत विषय संपला. त्याचं जुनं सामान त्याला पाठवायचा खर्चही आजींनी केला, क्लबने नाही.

कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे मान्य. पण त्याच्या देशात सोळाव्या वर्षी क्लबच्या करारावर सही होते, बोनसमधला मोठा वाटा ट्रेनर घेऊन जातो, आणि हात गेला की पोराकडे ना डिग्री ना पैसा. तेव्हा कमेंटमध्ये "मग शिकून नोकरी करायची होती" असं ज्यांना लिहायचंय, त्यांनी आधी आपल्या पोराला बाराव्या वर्षी शाळेतून काढून रोज मैदानावर पाठवून दाखवावं, मग बोलू.