सीडी३४ दिसलं म्हणजे मूलपेशी सापडली?

रक्तपेशींबद्दल एक तक्ता बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक प्रकारच्या पेशीवर तिचं एकच सीडी प्रथिन (पेशीच्या पृष्ठभागावरची, तिची ओळख पटवणारी खूण) असतं, पेशी प्रौढ होत जाते तसा क्रमांक वाढतो, सीडी३४ म्हणजे मूलपेशी (जिच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात ती), आणि तपासणीत सीडी१० आलं की ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. पाठांतराला छान आहे, पण खरा नाही.

क्रमांकाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे एकाच ठरावीक लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडं, बनवण्याची रीत सापडली आणि प्रयोगशाळा एकाच प्रथिनाला वेगवेगळी नावं देत सुटल्या. हा घोळ निस्तरायला १९८२ मध्ये पॅरिसला परिषद भरली, तिथून सीडी क्रमांक सुरू झाले. हा नोंदणीचा क्रम आहे, वयाचा नव्हे. सीडी३ प्रौढ टी-पेशीवर (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) असतं आणि सीडी३४ तिच्या कितीतरी आधीच्या पूर्वज पेशीवर!

'एका पेशीला एक प्रथिन' हेही टिकत नाही. सीडी४ म्हटलं की टी-पेशी आठवते, पण ते मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीवरही असतं.

सीडी३४ची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण तक्त्याचा हा भाग अर्धा खरा आहे. मूलपेशींच्या प्रत्यारोपणाआधी सीडी३४ असलेल्या पेशी खरोखरच मोजतात. शरीराच्या दर किलो वजनामागे निदान २० लाख पेशी हव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. पण अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतल्या, रक्त बनवणाऱ्या गाभ्यातल्या) साधारण १ ते ४ टक्के पेशींवर हे प्रथिन असतं आणि त्यातल्या बहुतेक पुढच्या वाटेला लागलेल्या पूर्वज पेशी असतात. आयुष्यभर रक्त पुरवू शकणाऱ्या मूलपेशी त्या घोळक्यात मूठभरच. त्या वेचायच्या तर सीडी३८ नाही ना, सीडी९० आहे ना, सीडी४५आरए नाही ना, हेही पाहावं लागतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही सीडी३४ असतंच. आणि उंदरांनी तर पंचाईतच केली: १९९६ मध्ये दिसलं, की प्रौढ उंदराच्या ज्या मूलपेशी एकेकट्याने रक्तनिर्मिती पुन्हा उभी करू शकतात, त्यांच्यावर सीडी३४ जवळजवळ नसतंच.

सगळ्यात त्रासदायक दावा सीडी१०चा. हे प्रथिन आधी ल्युकेमियाच्या पेशींवर सापडलं, म्हणून त्याचं आधीचं नावही त्या आजारावरून पडलं. पुढे ते मूत्रपिंडात, प्रौढ न्यूट्रोफिलवर आणि घडत असलेल्या निरोगी बी-पेशींवरही (या दोन्ही पांढऱ्या रक्तपेशीच) मिळालं. निरोगी बी-पेशी घडताना ठरलेल्या वाटेने जातात: सीडी३४ जातं, सीडी१० फिकं होत जातं, सीडी२० वाढत जातं, आणि मज्जेत या सगळ्या टप्प्यांवरच्या पेशी एकाच वेळी दिसतात. ल्युकेमियाच्या पेशी बहुधा एकाच टप्प्यावर अडकून गर्दी करतात किंवा वाट सोडतात. म्हणून तज्ज्ञ एक खूण न पाहता सगळा नकाशा पाहतात.

केमोथेरपीनंतर मज्जा सावरते तेव्हा, विशेषतः मुलांमध्ये, या निरोगी सीडी१०वाल्या पेशी चांगल्याच वाढलेल्या असतात. नेमक्या त्याच वेळी घरचे हा तक्ता समोर धरून रिपोर्ट वाचत बसलेले असतात.