उंदरावरच्या पट्टीसाठी माणसाचं सलाईन थांबवू नका

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला कराडहून आत्याचा फोन आला. "तो पट्टीचा मेसेज बघितलास का गं? मग सोमवारचं सलाईन पुढं ढकलू का?"

आत्याला गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग आहे, चाळीस वर्षं मिश्री लावल्यानंतरचा. ऑपरेशन झालं, वर्षभरात तो उलटला, आणि आता गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला मोकळं करणाऱ्या औषधाचं, सलाईन चालू आहे. मी फार्मसी कॉलेजात शिकवते, त्यामुळे घरातले असले सगळे मेसेज माझ्याकडे येतात. बहुतेकांना मी उत्तर देत नाही. याला देते, कारण यात खऱ्या संशोधनाचा तुकडा आहे, आणि असा तुकडा असला की शिकलेली माणसंही फसतात.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत बारीक सुयांची एक पट्टी निघाली आहे, ती त्वचेवर चिकटवली की कर्करोग पूर्ण जातो. केमो नको, सलाईन नको. दुखत नाही, दुष्परिणाम नाहीत. सलाईनचा तसाही उपयोग होत नाही. आणि औषध कंपन्या हे सगळं दाबून ठेवत आहेत. खाली ऑनलाइन मागवायची लिंक.

आधी पट्टी खरी आहे का ते बघू. खरी आहे. २०१६ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या झेन गू यांच्या गटाने 'नॅनो लेटर्स' या नियतकालिकात तिचं काम छापलं. हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या बारीक सुया, त्यात सूक्ष्म कण, कणांत पीडी-१ (प्रतिकारपेशींवरचा एक ब्रेक) रोखणारं प्रतिपिंड, म्हणजे निव्होलुमॅबसारखंच औषध, आणि सोबत ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर. सुया त्वचेत शिरल्या की विकर तिथल्या साखरेचं आम्ल करतं, आम्लाने कण हळूहळू फुटतात आणि औषध थोडं थोडं गाठीत झिरपतं. ही रचना इतकी सुंदर आहे की वर्गात ती फळ्यावर काढताना मला दरवेळी आनंद होतो.

पण "पूर्ण जातो" हे कुठून आलं? त्या प्रयोगात ४० दिवसांनंतर ४० टक्के उंदीर जिवंत होते आणि त्यांच्यात गाठ दिसत नव्हती. ज्यांना हा उपचार मिळाला नव्हता त्यांच्यातला एकही वाचला नाही. दुसरं प्रतिपिंड जोडल्यावर आकडा ७० टक्क्यांवर गेला. संशोधकाच्या दृष्टीने हे फार मोठं यश आहे, पण ते उंदरांतलं आहे, मुद्दाम रुजवलेल्या त्वचेच्या कर्करोगातलं आहे, आणि पट्टी थेट गाठीच्या जागेवर लावली होती. आत्याच्या गालात ती कुठे लावायची? यकृतात किंवा फुफ्फुसात पसरलेल्या कर्करोगाचं काय?

मेसेजमध्ये सगळ्यात मोठी गल्लत इथेच आहे. एका नावाखाली त्याने दोन वेगळ्या पट्ट्या एक केल्या आहेत. पहिली ही, गाठीवर औषध पोचवणारी. दुसरी लशीसारखी, आणि तिच्यासाठी त्वचा म्हणजे नुसतं दार नाही. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. प्रत्यक्षात त्या पहारेकरी आहेत. बाहेरून आलेल्या वस्तूचा तुकडा उचलून त्या जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना, ओळख पटवून देतात. म्हणून स्नायूत टोचण्यापेक्षा त्वचेतच लस ठेवली तर कमी मात्रेत काम व्हावं, ही या शाखेची आशा आहे. कल्पना नवी नाही. देवीच्या शेवटच्या मोहिमांत दोन टोकांची सुई पंधरा वेळा त्वचेत टोचत, आणि जपानात १९६७ पासून बीसीजी नऊ सुयांच्या शिक्क्याने देतात. आत्याच्या दंडावरही देवी काढल्याची खूण आहे.

कर्करोगासाठी अशी लसपट्टी गू यांच्याच गटाने २०१७ मध्ये 'सायन्स इम्युनॉलॉजी'त मांडली. गाठीच्या पेशींचा अर्क, सोबत मेलॅनिन हे त्वचेतलं रंगद्रव्य, आणि वरून अवरक्त किरणांची ऊब, म्हणजे त्या जागी रक्तप्रवाह वाढावा आणि प्रतिकारपेशी जमाव्यात. तीही उंदरांवरच.

माणसांवर ही पट्टी कुठवर आली आहे? संसर्गाच्या लशींत बरीच पुढे. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये फ्लूच्या लसपट्टीची १०० जणांवरची पहिली चाचणी आली, २०२४ मध्ये गॅम्बियातल्या बाळांना गोवर-रुबेलाची लस पट्टीने दिल्याची. दोन्हींचे निकाल चांगले आहेत. पण लशीला लागणारं द्रव्य अगदी मायक्रोग्रॅममध्ये असतं, आणि इथे सलाईन सोडायचा सल्ला कोसळतो.

हिशेब करून बघा. एका छोट्या पट्टीच्या सुयांत सहसा मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी औषध मावतं. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम किंवा चार आठवड्यांनी ४८० मिलिग्रॅम. शेकडो पट्ट्या लावायला माणसाच्या अंगावर जागा कुठे आहे? औषध मलमासारखं नुसतं चोळूनही चालत नाही. त्वचेच्या वरच्या मृत थरातून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) रेणूच आरपार जातात, आणि प्रतिपिंड दीड लाख डाल्टनच्या आसपास असतं. सुया लागतात त्या यासाठी.

कंपन्या दाबून ठेवतात हे म्हणणं लवकर संपवते. वर सांगितलेलं सगळं काम उघड छापलेलं आहे. आणि सलाईनची कटकट कमी करण्यात कंपन्यांचाच फायदा आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अ‍ॅटेझोलिझुमॅब या तशाच औषधाचं आणि डिसेंबरमध्ये निव्होलुमॅबचं त्वचेखाली टोचायचं इंजेक्शन मंजूर झालं. काही मिनिटांत होतं. मात्र शिरेतून ४८० मिलिग्रॅम पुरतं तिथे या इंजेक्शनला १,२०० मिलिग्रॅम लागतं. मार्ग बदलला की मात्राही बदलते.

"केमो नको" हा भाग वाचून मला वाईट वाटलं, कारण माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या कर्करोगाच्या पट्ट्यांत डॉक्सोरुबिसिनची पट्टी आहे. म्हणजे केमोचंच जुनं औषध. त्वचेच्या काही कर्करोगांत ती तपासली जाते आहे. अगदी थोडं औषध गाठीच्या पेशी अशा तऱ्हेने मारतं की त्या मरताना प्रतिकारशक्तीला हाक जाते. केमो आणि इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे उपचार) यांना एकमेकांचे शत्रू करून मेसेजने रुग्णाच्या मनात भलतीच भीती घातली आहे.

दुखण्याबद्दल मेसेज जवळपास बरोबर आहे. या सुया एक मिलिमीटरहून लहान असतात, खोलवरच्या वेदनेच्या टोकांना फारशा पोचत नाहीत, आणि फ्लूच्या चाचणीतल्या बहुतेकांना इंजेक्शनपेक्षा पट्टी आवडली. लाली आणि खाज मात्र येते. पण "दुष्परिणाम नाहीत" हे प्रतिपिंडाच्या बाबतीत म्हणता येत नाही. ही औषधं टी-पेशींचा ब्रेक सोडतात (याच शोधासाठी २०१८ चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं), आणि ब्रेक सुटलेल्या पेशी कधी आतड्यावर, कधी थायरॉईडवर, फुफ्फुसावर, क्वचित हृदयावरही उलटतात. पट्टीने हे कमी होईल अशी आशा आहे. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. म्हणूनच सलाईनच्या प्रत्येक फेरीआधी रक्त तपासतात, आणि लिंकवरून आलेली पट्टी घरी लावली तर हे तपासणारं कुणी नसतं. त्या लिंकवर मी गेले. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसाठीच्या हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या पट्ट्या होत्या. सुई त्याच पदार्थाची, आत औषध कुठलंच नाही.

राहिला सलाईनचा उपयोग होत नाही हा मुद्दा. याचं उत्तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. डोक्या-मानेचा कर्करोग खूप पुढे गेलेल्या १५१ रुग्णांवर तिथे चाचणी झाली आणि २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त छापली गेली. अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या, अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही, म्हणून डॉक्टरांनी हा प्रश्न हाती घेतला होता. वर्षअखेर नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते, सलाईन मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के.

आत्याला मिळतं ते हेच सलाईन, हीच मात्रा.

हे आकडे मी तिला फोनवर सांगितले नाहीत. रविवारी रात्री कराडला येते, सकाळी दोघी मिळून जाऊ, एवढंच सांगितलं.