‘धावण्यासाठीच जन्मलेला’ घोडा आणि त्याचे पाय

‘घोडा धावण्यासाठीच जन्माला आला आहे, शर्यतीने त्याच्या शरीराचे काही बिघडत नाही, आणि सोसेनासे झाले की तो आपणच थांबतो,’ असा मजकूर मोठ्या आवडीने पुढे पाठवला जातो. यातले पहिले विधान अर्धेच खरे आहे. मोकळा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ चरत, सावकाश चालत घालवतो. तो भरधाव सुटतो तो भ्याला म्हणून किंवा खेळताना, तेही थोडाच वेळ आणि पाठीवर स्वार नसताना.

दुसरे विधान पायांपाशीच कोसळते. पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात. तिथे मुख्यतः हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, असतात. भरधाव वेगात एकाच पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे खचतो आणि मागची कंडरा रबरासारखी ताणली जाऊन सुटते. ताणाची सगळी शक्ती परत मिळत नाही. उरलेल्या शक्तीची उष्णता होते, आणि कंडरेच्या गाभ्याचे तापमान 45 अंश सेल्सियसपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. कंडरेचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने इजा भरून यायला महिने लागतात, आणि भरून आलेला भाग पूर्वीइतका लवचीक राहत नाही. जाणता मोतद्दार रोज सकाळी गुडघ्याखालच्या नळीवरून हात फिरवून ऊब आणि सूज चाचपतो, ते उगाच नव्हे. बेताच्या व्यायामाने हाड बळकट होते, हे मात्र मान्य करायला हवे. पण हाडातल्या सूक्ष्म भेगा बुजायला जी उसंत लागते, ती शर्यतीचे वेळापत्रक देईलच असे नाही.

‘आपणच थांबतो’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात दुखणे लपवणे हीच त्याची रीत. धावताना हृदयाचे ठोके मिनिटाला 220 च्या पुढे जातात, फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की त्या फुटतात, आणि तरीही नाकपुडीवर रक्त क्वचितच दिसते. ते दुर्बिणीने श्वासनलिका तपासल्यावरच कळते. जठराचेही तसेच आहे. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, दौडीत पोट आवळले की ते वरच्या नाजूक अस्तरावर चढते आणि व्रण पडतात. असा घोडा दुसऱ्या दिवशीही धावतो. फक्त तोबऱ्यात थोडे दाणे शिल्लक ठेवतो.